कॅम्पर व्हॅन घेऊन मराठवाड्यात: पहिल्या मुक्कामाची तयारी

गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक-दिंडोरीचा वाइनचा पट्टा आहे. तिथून नदी खाली उतरते ती पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, आणि पुढे सगळा मराठवाडा कापत नांदेडकडे जाते. या खालच्या खोऱ्यातही द्राक्षं आहेत. जालना तालुक्यातलं कडवंची आणि आसपासची गावं पाणलोटाच्या कामावर आणि शेततळ्यांवर द्राक्ष पिकवतात, धाराशिवकडेही मोठ्या बागा आहेत. मात्र इथली बहुतेक बाग खायच्या द्राक्षांची: थॉमसन, सोनाका, माणिक चमन, शरद सीडलेस. वाइनच्या जाती वेगळ्या असतात, मणी बारीक, साल जाड, आत बिया. त्यामुळे वाइनरी बघायची असेल तर छत्रपती संभाजीनगरहून नाशिकचा सुमारे २०० किलोमीटरचा वेगळा टप्पा धरा. बागा, लेणी, धरण आणि मोकळं आभाळ यांसाठी मराठवाडा.

इथे गाडीत राहायचं तर दोनच गोष्टी नीट सांभाळाव्या लागतात, ऊन आणि पाणी. बाकी चुका निस्तरता येतात. पाण्याची चूक मात्र तुमच्या नव्हे, ज्याच्या वावरात तुम्ही उतरलात त्याच्या अंगावर येते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे या भागात कुणी विसरलेलं नाही.

कधी निघावं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. दिवसा तिशीच्या आसपास, रात्री १० ते १४ अंश, डिसेंबरात एखादी रात्र त्याहूनही गार. महाशिवरात्रीनंतर ऊन झपाट्याने चढतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. उभ्या गाडीच्या आत तर त्याहून बरंच जास्त होतं. पहिलीच सहल असेल तर मार्चनंतरचा बेत करूच नका.

द्राक्ष बघायला जाणार असाल तर बागेचं वेळापत्रक समजून घ्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि साधारण जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत तोडणी. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते अंगावर, श्वासात जाऊ देण्याची गोष्ट नाही. त्यानंतरचे दोन महिने डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या चालू असतात, हवा ढगाळ झाली की जवळजवळ रोज. म्हणून बागेच्या शेजारी मुक्काम करायचा तर जानेवारीच्या उत्तरार्धापासून पुढचे दिवस धरा. मालकाला आधीच विचारा, "दादा, उद्या-परवा फवारा आहे का?" फवारणीचा ब्लोअर चालू होणार असेल तर गाडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या आणि खिडक्या लावून घ्या. वेलीवरचा मणी न विचारता तोंडात टाकू नका. शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यायचे हे औषधागणिक ठरलेलं असतं, आणि ते फक्त मालकाला माहीत असतं.

गाडी ठरवताना

भाड्याची असो वा स्वतःची, आधी आरसी बघा. नोंदणीत गाडीचा प्रकार मोटर कॅराव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असा हवा. मालवाहू किंवा प्रवासी गाडी घेऊन आत पलंग-ओटा बसवलेला आणि आरटीओकडे बदल नोंदवलेला नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या परवान्यावर ती चालवता येते.

मग वजन. पाण्याची टाकी, सिलिंडर, सामान, माणसं असं सगळं भरून जवळच्या वजनकाट्यावर गाडी उभी करा. बाजार समितीजवळ, साखर कारखान्याजवळ काटे असतातच. आरसीतल्या एकूण वजनाशी ताडून बघा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, हे बहुतेक जण धरतच नाहीत. भार जास्त, ऊन कडक आणि समृद्धी महामार्गासारखा सरळ काँक्रीटचा रस्ता, या तिन्ही गोष्टी जुळल्या की टायर फुटतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षांवरचं टायर नक्षी शाबूत असली तरी बदला. हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका, संध्याकाळी टायर गार झाला की ती कमी पडेल आणि दुसऱ्या दिवशी टायर अधिकच तापेल. समृद्धीवर इतरांचा वेग काहीही असू दे, भरलेली कॅम्पर ८० च्या वर नेऊ नका.

गाडीची उंची एसी, सोलर धरून मोजा आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून डॅशबोर्डला चिकटवा. तीन मीटरच्या आसपासची गाडी रेल्वेखालच्या बोगद्यात अडकू शकते. शेतात तर लोंबणाऱ्या विजेच्या तारा आणि बाभळीच्या फांद्या त्याहून खाली असतात.

पाण्याचा हिशेब

दोन माणसांना दिवसाला ५० लिटर पुरतं. पिण्याला आणि स्वयंपाकाला १२, भांड्यांना ८, तांब्या-बादलीच्या दोन आंघोळींना २४, हात-तोंड आणि बाकी सगळ्याला ६. शॉवर चालू ठेवून आंघोळ केली तर एकटा माणूस तेवढं सहज संपवतो, म्हणून गाडीत शॉवर असला तरी बादलीच वापरा. १०० लिटरची टाकी म्हणजे दोन दिवस. पिण्याचं पाणी टाकीतून घेऊ नका. २० लिटरचा जार गावोगावच्या आरओ प्लांटवर मिळतो, तो वेगळा ठेवा.

टाकी शहरात भरून निघा. गावात भरायची वेळ आलीच तर हापशावर किंवा नळाच्या रांगेत पाइप लावून उभं राहू नका. टँकरवाल्याकडून किंवा प्लांटवरून विकत घ्या, किंवा शेतमालकाला टँकरच्या दराने पैसे द्या. तो नको म्हणेल, तरी द्या. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी क्षाराचं असतं. त्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो आणि पंपाची जाळी बुजते. टाकीत जाणाऱ्या पाइपला ५ मायक्रॉनचा गाळणी फिल्टर लावा आणि एक जादा कार्ट्रिज जवळ ठेवा. पंप आवाज करतोय पण धार बारीक, असं झालं की पंप खोलण्याआधी जाळी बघा, दहातल्या नऊ वेळा दोष तिथेच सापडतो.

आता सांडपाणी. वरच्या हिशेबाने दिवसाला ३५ लिटरच्या आसपास साबणाचं पाणी जमतं. ते टाकीत साठवा. खरकटं आधी पुसून कचऱ्याच्या पिशवीत टाका, नाहीतर दुसऱ्याच दिवशी टाकीला वास सुटतो. हे पाणी वेलीच्या बुडाशी, पाटात, ओढ्यात सोडायचं नाही. मालकाने जागा दाखवली तर विहीर-बोअरपासून लांब, उघड्या मुरमावर पसरून ओता. नाही दाखवली तर परत न्या.

कॅसेट टॉयलेटची, म्हणजे गाडीतल्या संडासाची काढता येणारी टाकी १८-२० लिटरची असते आणि दोन माणसांत दोन-तीन दिवसांत भरते. ती फक्त सेप्टिक टँक किंवा ड्रेनेज असलेल्या संडासात रिकामी करायची, तीही मालकाला सांगून. टाकीत टाकायचं औषध जैविक घ्या. फॉर्मल्डिहाइडचं औषध दुसऱ्याच्या सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं आणि तुम्ही गेल्यावर त्याच्या घरी संडास तुंबतो. रानात खड्डा करून ओतणे हा पर्याय नाही. इथल्या काळ्या मातीला भेगा असतात, त्यांतून घाण थेट खाली उतरते आणि खाली कुणाची तरी विहीर असते.

वीज

साधी गाडी अशी चालते: १२ व्होल्टचा फ्रिज हिवाळ्यात दिवसाला ४०० वॅट-तास खातो, उन्हाळ्यात ७००. छताचा पंखा ३० वॅटचा, दहा तासांचे ३००. दिवे, मोबाइल, पंप मिळून १५०. म्हणजे हिवाळ्यात साधारण ८५०, उन्हाळ्यात ११५०. २०० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत २,५६० वॅट-तास असतात, त्यातले २,००० वापरायचे धरा. छतावरचं ४०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला १,४०० च्या आसपास देतं. हिशेब आरामात बसतो, पण एसी धरला नाही तर. एक टनाचा एसी हीच बॅटरी दोन-अडीच तासांत झोपवतो. एसी हवा असेल तर रात्री जोडणी लागणारच.

जोडणी घ्यायची ती घराच्या किंवा कृषी पर्यटन केंद्राच्या सिंगल फेजवरून. विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरवरून कधीच नाही. ती थ्री फेज, चुकीच्या दोन तारा धरल्या तर २३० ऐवजी ४०० व्होल्ट गाडीत येतील. शिवाय शेतीपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरणं बेकायदा आहे, आणि दंड शेतकऱ्याला होतो. तारेवर आकडा टाकून देतो असं कुणी म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा.

प्लग लावण्याआधी मल्टिमीटर लावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ पाच व्होल्टच्या आत. फेज-अर्थ काहीच दाखवत नसेल तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही, जोडू नका. गाडीची बॉडी पत्र्याची असते, ओल्या पायाने दारात उभ्या माणसाला धक्का बसतो. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, असायलाच हवा. केबल तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटरची, २५ मीटर. रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेल्या केबलवर एसी चालवला की आतली वेटोळी तापून वितळतात. रात्री आठनंतर व्होल्टेज १७०-१८० वर आलं तर एसी बंद ठेवा, कॉम्प्रेसर जळेल.

इंजिन चालू ठेवून गाडीचा एसी लावून झोपू नका. एकदाही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जागा निवडणं आणि गाडी लावणं

उजेड असताना पोचा, साडेचार-पाचपर्यंत. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम असतो. अंबड, पैठण, गेवराई, माजलगाव या पट्ट्यात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे दिवा-रिफ्लेक्टर नसताना रस्त्यावर असतात. अंधारात तिथे गाडी चालवण्यात काही मिळवायचं नाही.

सोपा पर्याय कृषी पर्यटन केंद्रांचा आणि एमटीडीसीच्या निवासांच्या आवाराचा. आधी फोन करून गाडीची लांबी-उंची सांगा. वावरात राहायचं तर गाडी रस्त्यावरच थांबवून पायी जा. "राम राम मामा, रात्रीपुरती गाडी लावू का इथं?" एवढं पुरतं. कुणाचं रान, किती दिवस, चूल पेटवणार का, पाणी स्वतःचं आहे, हे चार मुद्दे स्पष्ट बोला. गावच्या पोलीस पाटलांनाही कळवा. अनोळखी गाडी रात्री शिवारात दिसली की गाव जागतं, ते योग्यच आहे.

जागा पायाने तपासा. मुरमाड, गवत नसलेली, किंचित उताराची जागा उत्तम. काळी माती कोरडी असताना दगडासारखी वाटते आणि एका सरीत लोण्यासारखी होते. चिखल चाकांच्या कमानीत भरतो, चाक फिरतं पण गाडी जागची हलत नाही, आणि जितका ॲक्सिलरेटर दाबाल तितकी ती बुडते. पाऊस आलाच तर गाडी हलवायची घाई करू नका. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती पुरेशी सुकेपर्यंत थांबा, एक-दोन दिवस ऊन लागतं. निघायलाच हवं असेल तर ट्रॅक्टर बोलवा, दोर पुढच्या टो-हुकलाच बांधा, बंपरला बांधलात तर बंपर हातात येईल.

नाथसागराच्या काठी याहून मोठा धोका आहे. पाणी ओसरलं की उघडा पडलेला गाळ वरून सुकून तडकतो, आतून मात्र ओला असतो. पाण्याजवळचा फोटो म्हणून गाडी खाली उतरवली की ती रुतते. शिवाय तिथे गाळपेर केलेली असते, ती कुणाची तरी हरभरा-गव्हाची पेरणी आहे. जलाशय पक्षी अभयारण्य आहे, रोहित (फ्लेमिंगो) आणि परदेशी बदकं हिवाळ्यात येतात. काठावर मुक्कामाला वन विभागाची परवानगी लागते, नसेल तर पैठणमध्ये राहा आणि पहाटे पक्षी बघायला या. धरणाखालच्या नदीपात्रात, ओढ्याच्या काठी कुठल्याच ऋतूत तळ ठोकू नका.

द्राक्षबागेत गाडी मागे घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहायचंच. ओळीच्या टोकाला मांडवाचे ताण असतात, जमिनीत पुरलेल्या दगडाला तिरप्या बांधलेल्या तारा. आरशात त्या दिसत नाहीत. एक ताण तुटला तर अख्ख्या ओळीचा मांडव सैल पडतो, आणि तोडणीच्या तोंडावर ते नुकसान थोडकं नसतं. पाणंदीवर, बांधावर गाडी लावू नका, क्रेटच्या गाड्या पहाटेच निघतात.

दार पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा, दुपारचं ऊन बंद बाजूवर पडेल. सावली कडुलिंबाची किंवा चिंचेची चांगली, पण आधी मान वर करून आग्यामोहोळ आहे का बघा. धूर गेला की माश्या उठतात. बाभळीखाली नको, काटे टायरमध्ये घुसतात. सावलीत उभं राहिलं की छतावरचं सोलर निकामी होतं, म्हणून १०० वॅटचं घडीचं पॅनेल दहा मीटर वायरसह जवळ असावं. खिडक्यांचे चकाकते पडदे बाहेरून लावा. आतून लावले तर काच आधीच तापलेली असते आणि उष्णता आत अडकते. इथली हवा कोरडी, त्यामुळे छोटा कूलर सुंदर काम करतो, फक्त तो रात्रीतून १०-१५ लिटर पाणी पितो, ते हिशेबात धरा.

मोबाइलच्या लेव्हलने गाडी सपाट करा, खालच्या चाकाखाली दोन इंची फळी, हँडब्रेक, चाकाच्या दोन्ही बाजूंना उटी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून लावायचे ठोकळे. मग गाडीच्या बाजूची कापडी छत्री उघडा. दुपारी वावटळ उठली की ती पहिली गुंडाळायची.

गॅस

५ किलोचा सिलिंडर पुरतो. तो उभा, पट्ट्याने बांधलेला, आणि त्याच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड आणि खाली साचतो. नळीवर छापलेली मुदत बघा. दर मुक्कामी जोडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर पेटवू नका. गाडी चालताना रेग्युलेटर बंद. स्वयंपाक करताना एक खिडकी आणि छताची झडप उघडी. बाहेर चूल मांडायची तर उभ्या पिकापासून, पाचटापासून आणि कडब्याच्या गंजीपासून खूप दूर, आणि निजण्याआधी पाणी ओतून.

विजा, गारा, शेततळं

फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्याने सोसली आहे. आभाळ भरलं की छत्री गुंडाळा, छताची झडप लावा, बाहेरची वीजजोडणी काढा आणि गाडीत बसा. पत्र्याची बंद गाडी विजेपासून राखते, फायबरच्या डब्याचं तसं नाही, त्यापेक्षा जवळचं पक्कं घर गाठा. झाडाखाली उभं राहू नका.

शेततळ्यात पोहायचं नाही, हातपाय धुवायलाही उतरायचं नाही. अस्तराचा प्लास्टिक कागद ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, आणि चारी बाजू तिरप्या असल्याने पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर कुंपण नसलेल्या तळ्याजवळ मुक्कामच नको. तळ्याजवळ दोर किंवा हवा भरलेली ट्यूब कुठे आहे, हे पोचल्यावर विचारून ठेवा.

रात्री उसाच्या कडेने फिरू नका, बिबट्याचा वावर असतो. बाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकून घाला. साप चावला तर कापणं-चोखणं नाही, अवयव न हलवता १०८ वर फोन करा आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. पोलिसांसाठी ११२.

पहिला मार्ग

चार रात्रींचा बेत असा: संभाजीनगरला पाणी-गॅस भरून वेरूळ, ३० किलोमीटर. मग अजिंठा, शहरापासून सुमारे १०० किलोमीटर. लेणी मुख्य रस्त्यापासून आत आहेत, गाडी फर्दापूरच्या तिठ्यावर लावून पुढे बसने जावं लागतं. परतताना जालन्याकडे द्राक्षबागांत एक रात्र, शेवटी पैठण. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी, त्यामुळे बुधवारी निघालात तर दोन्ही साधतं. फाल्गुनात नाथषष्ठीच्या दिवसांत पैठणला दिंड्यांची गर्दी असते, मोठी गाडी तेव्हा नेऊ नका.

नाशिकहून येताना वाइन आणली असेल तर बाटल्या डिकीत नको, पलंगाखाली जमिनीलगत, ओल्या गोणपाटात आडव्या ठेवा. बंद गाडीत दोन दुपारी तापली तर बूच वर सरकतं आणि चव शिजल्यासारखी होते. ती उघडायची गाडी लागल्यावर, त्या दिवसाचं चालवणं संपल्यावर, आणि मालकाच्या घरी देव-धर्म, वारी-माळ असेल तर त्याच्या अंगणात नाहीच. निघायच्या दिवशी सकाळी टाक्यांच्या झडपा, गॅस, केबल, उटी, छत्री आणि छताची झडप या क्रमाने बघा, आणि जागा सोडण्याआधी एकदा गाडीभोवती पायी चक्कर मारा. बांधावर राहिलेली एक प्लास्टिकची पिशवीसुद्धा शेळी-गुरांच्या पोटात जाते.